अर्धा चेहरा

माझा चेहरा आजवर तीनदा वाकडा झाला. पहिल्यांदा झाला तेव्हा मी कॉलेजात होते. तेरला गोरोबाकाकांची यात्रा भरली होती, घर पाहुण्यांनी गच्च, आणि आम्ही पोरी गच्चीवर झोपलेल्या. सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ गळ्यावर. आई म्हणाली, "रात्री गार वारं लागलं गं तुला." मग एरंडाच्या पानाचा शेक सुरू झाला. भाकरीचा घास गालात जाऊन बसायचा, तो बोटानं काढावा लागे. डोळा मिटत नव्हता. आमटीला त्या बाजूनं चव नव्हती, आणि देवळातला मृदंग त्याच कानात नको इतका घुमत होता.

चव, डोळा, कान, ओठ हे सगळं एकाच नसेचं काम, हे फार नंतर समजलं. मेंदूतून निघणारी ही सातवी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येते. तिला सूज आली की फुगायला जागाच नसते, ती आतल्या आत दबते. चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये या नसेचं वर्णन केलं, म्हणून हा 'बेल्स पाल्सी'. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप सरळ होतो. माझाही झाला, आणि श्रेय शेकाला मिळालं.

दुसऱ्यांदा उजवी बाजू गेली. तेव्हा मी आठ महिन्यांची गरोदर होते. सासरी कुणी ग्रहणाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी मात्र आधी बीपी पाहिलं, आणि ते वाढलेलं निघालं. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जास्त दिसतो, त्यातही बीपी चढलेल्या बायकांत, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या वेळी मी शाळेत शिकवत होते. मुलांना घेऊन तेरच्याच लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेले होते. इथलं कापड पैठणमार्गे भडोचच्या बंदरावर जायचं, 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या गावाचं नाव तगर असं आहे, हे सांगताना 'प' आणि 'भ' ओठांतून निसटू लागले. मी पदर तोंडावर धरला. मागच्या रांगेतली पोरं मातीच्या मूर्ती सोडून माझ्याकडे पाहत होती. ते पाहणं सोसत नाही. 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं अभिनेत्री ललिता पवारांचा चेहरा असाच लुळा पडला, डोळा कायमचा बारीक झाला. त्याच चेहऱ्यानं त्यांनी 'अनाडी' चित्रपटातली मायाळू मिसेस डिसा उभी केली. त्या बाईंविषयी माझ्या मनात तेव्हापासून फार आदर आहे.

सोलापूरच्या डॉक्टरांनी या वेळी चेहऱ्यापेक्षा बाकीचंच जास्त तपासलं. भुवया वर करायला लावल्या. मेंदूच्या झटक्यात कपाळाला सहसा आठ्या पडतात, यात पडत नाहीत. कानात नागिणीचे फोड आहेत का पाहिलं. जिभेवर भेगा आणि ओठांना सूज आहे का, कारण एका दुर्मीळ आजारात या दोन्हींसोबत चेहरा पुन्हा पुन्हा लुळा पडतो. अंगावर बधिर चट्टा आहे का, कारण कुष्ठरोगही ही नस धरतो. शेवटी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर. मधुमेह कधीपासून अंगात होता कोण जाणे. मला तो चेहऱ्यामुळे कळला. नसेची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्यांनी साखर आणखी चढते, म्हणून गोळ्यांबरोबर काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं.

या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या अभ्यासात नऊ महिन्यांनी गोळ्या घेणाऱ्यांपैकी 94 टक्के पूर्ण बरे होते, न घेणाऱ्यांपैकी 82 टक्के. आमच्याकडे हे तीन दिवस अजूनही शेकात जातात.

घरात कुणाचं तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हात किंवा पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर थेट 108 ला फोन करा. आणि दुसऱ्यांदा झालं असेल तर साखर आणि बीपी तपासल्याशिवाय घरी परतू नका.