कृत्तिकेतला पाऊस

वैशाख अजून सरायचा होता. खळ्यात रातांबे वाळत होते. पावसजवळच्या आमच्या गावात मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा ठरलेला असतो. घर शाकारायचं, पडवीला झावळ्या बांधायच्या, लाकूडफाटा आत टाकायचा, कलमांवरचा शेवटचा आंबा उतरवायचा आणि सुट्टीला आलेली मुंबईची माणसं वाटेला लावायची. आगोटीची ही सगळी कामं मृगाच्या हिशेबाने चालतात. मृग लागतो सात-आठ जूनला. त्याच्या आधी रोहिणी, तिच्याही आधी कृत्तिका. कृत्तिकेत पाऊस धरून कोणी बसत नाही.

2025 साली तो कृत्तिकेतच आला. वीस मेपासून लागला तो थांबेना. पहिल्या दिवशी आम्ही त्याला वळीव म्हणालो. पण वळीव पूर्वेकडून येतो, सह्याद्रीवरून, दुपार कलली की गडगडत. तासाभरात मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चटके देणारं ऊन पडतं. हा समुद्रावरून येत होता. गडगडाट नाही, विजा नाही, नुसती सरीवर सर. रात्री अंथरुणात पडल्यावर समुद्राची गाज ऐकू आली, तीही आषाढातल्यासारखी जड. तेव्हा मनात चर्र झालं.

आत्या मुंबईहून आली होती, दादा-वहिनी आणि नातवंडांसह. शनिवारी, चोवीस तारखेला, सकाळी निघायचं ठरलं होतं. त्या दिवशी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्यावर चढलं. सकाळी मी भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. सुरूचं बन एका अंगावर वाकलेलं. पाणी काळपट, मातकट, लाटांचा फेस रस्त्याच्या दिशेने उडणारा. मच्छीमारीची बंदी एक जूनपासून असते, म्हणजे शेवटचा आठवडा हातात होता. दर्यावर जाणाऱ्यांसाठी तो आठवडा मोलाचा. पण समुद्रात जायची सोयच नव्हती. होड्या बंदरात एकीला एक खेटून उभ्या. घरी येऊन मी दादाला म्हटलं, "आज गाडी काढू नकोस."

दुपारभर माणसं घरात कोंडली. हायवेने जायचं की आंबा घाट चढून कोल्हापूर-पुण्यावरून, यावर खल चालला. आंबा घाटाचा रस्ता लांब, आणि पावसात घाटात दरड कधी खाली येईल सांगता येत नाही. हायवेला दरडीपेक्षा चिखलाची भीती. आत्या झोपाळ्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आगबोट बंद व्हायच्या आत जायचं. चुकली तर चार महिने इथेच." पडावात बसून आगबोटीपर्यंत जायचं, वर चढताना आईने तिच्या कमरेला लुगड्याचा पदर बांधला होता, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तिला बोटीपेक्षा तो पदर जास्त आठवत होता.

रविवारी पहाटे पाचला निघालो. चिपळूणपर्यंत मी सोबत गेलो, कारण दादाला पावसातला हा रस्ता ठाऊक नव्हता. हातखंब्याच्या पुढे कुठे नवा काँक्रीटचा रस्ता, कुठे अचानक संपून शेजारची लाल मातीची वाट. मे महिन्यात त्या वाटेवर धूळ उडते, आता तिथे पोटरीएवढा चिखल. पर्यायी वाट दाखवणारा एक फलक आडवा पडलेला, बाण आभाळाकडे. एका जागी समोरचा ट्रक रुतला आणि आम्ही तासभर उभे. वायपर चालू ठेवून काचेबाहेर बघत. कापून काढलेल्या डोंगराच्या उघड्या अंगावरून पाण्याच्या लाल रेघा उतरत होत्या. ज्यांच्याकडे या रस्त्याचं काम होतं त्यांनी मृग धरून नियोजन केलं असेल, आम्हीही तेच केलं होतं. तरी जिथे डोंगर कापला तिथे मेमध्येच पाणी वाहून जायची चर खणलेली असायला हवी, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ती चर कुठे दिसली नाही. एरवीच्या दोन-अडीच तासांना चार तास लागले.

चिपळूणला चहा घेतला. टपरीवाला आमच्याशी बोलता बोलता दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन वाशिष्ठीच्या बाजूला बघून आला. 22 जुलै 2021 चा पूर ज्यांनी पाहिला ते पाऊस लागला की असेच बघतात. तिथे मी उतरलो. आत्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तळहात पावसाने गार झालेला.

एसटीने परतताना बातमी कळली. मान्सून आदल्या दिवशी केरळात आला होता, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि त्या दिवशी तळकोकणात देवगडपर्यंत पोचलासुद्धा. सोमवारी तो मुंबईत शिरला. तिथली नेहमीची तारीख अकरा जून. आमची माणसं त्याच्या पुढे जेमतेम एक रात्र पळाली. दादाचा फोन रविवारी रात्री साडेआठला आला, घरी पोचल्यावर.

घरी आलो तर बायको रातांब्यांपाशी बसलेली. आमसुलांना रस लावून पुन्हा पुन्हा ऊन दाखवावं लागतं, तेव्हा कुठे साल काळी आणि मऊ होते. यांना दोनच उन्हं मिळाली होती. काही सालींवर पांढरी बुरशी. आढीतल्या शेवटच्या आंब्यांचे देठही काळवंडलेले. चार पेट्यांचा आंबा आम्ही फेकला, पण रातांबे फेकायला तिचा हात उठेना. तिने बुरशीच्या साली निवडून काढल्या. झाडाखालून नुकतेच वेचलेले ताजे रातांबे फोडले, बरणीत त्यांच्यावर मीठ घातलं. आगळाला ऊन लागत नाही.

गणपतीत आत्या आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी आमसुलं मागितली. बायकोने बरणी उतरवली, कपबशीत थोडं आगळ ओतलं. आत्याने बोट बुडवून चाखलं, आणि दुसरं बोट नातवाच्या जिभेवर ठेवलं.