वस्ताद बदलला, खेळ राहिला

फुटबॉलच्या संघाला एकच कोच असावा आणि तो वर्षानुवर्षं टिकावा, असं माझं पक्कं मत होतं. आता ते तसं राहिलेलं नाही. मुंबई सिटी एफसी या क्लबच्या प्रशिक्षकांचा इतिहास डोळ्यांदेखत घडत गेला आणि त्याबरोबर माझं मतही सरकत गेलं. ते कसं सरकलं, ते सांगतो.

दुसरबीड हे सिंदखेडराजा–मेहकर रस्त्यावरचं माझं गाव. इकडे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. तालमीच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला वस्ताद बदलतो ही कल्पनाच रुचत नाही. पोरगा पहिल्यांदा लाल मातीत उतरतो तेव्हापासून त्याची पकड, त्याचा दम, त्याची खोड वस्तादाला ठाऊक असते. मी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो, तेही याच संस्कारातून. माणूस टिकला तर संघ टिकतो, ही माझी श्रद्धा होती.

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात प्रशिक्षक होते पीटर रीड, मँचेस्टर सिटीत आधी खेळाडू आणि मग व्यवस्थापक राहिलेले इंग्रज गृहस्थ. आठ संघांत मुंबई सातवी आली आणि रीड गेले. २०१५ मध्ये निकोला अनेल्का खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, संघ सहावा. २०१६ ला अलेक्सांद्रे गिमारेस आले. १९९० च्या विश्वचषकात कोस्टारिकाकडून खेळलेले आणि २००२ व २००६ च्या विश्वचषकांत त्याच देशाला प्रशिक्षण दिलेले. त्यांनी बचाव आवळला, दिएगो फोर्लान आघाडीला होता, संघ साखळीत पहिला आला. उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. पुढच्या मोसमात तेच गिमारेस होते, तरी संघ सातव्या क्रमांकावर घसरला. २०१८ मध्ये जॉर्ज कोस्टा आले. २००४ साली युरोपचा चॅम्पियन ठरलेल्या पोर्तो संघाचे हे कर्णधार. पहिल्या वर्षी तिसरा क्रमांक, पण उपांत्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात गोव्याने मुंबईच्याच मैदानावर ५–१ असं हरवलं. दुसऱ्या वर्षी पाचवा क्रमांक, आणि मार्च २०२० मध्ये तेही गेले. सहा मोसम, चार प्रशिक्षक, करंडक एकही नाही. माझ्या मताला याहून भक्कम आधार कुठला हवा होता?

दुसरा आधार त्याच शहरातला होता. मुंबई एफसी हा वेगळा, आय-लीगमध्ये खेळणारा क्लब. खालिद जमील यांनी तो २००९ ते २०१६ सांभाळला. मोठं बजेट नाही, विजेतेपद नाही, पण संघ दरवर्षी वरच्या लीगमध्ये टिकून राहिला. २०१६ ला जमील ऐझॉलला गेले आणि पहिल्याच मोसमात त्यांनी मिझोरमच्या त्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेली आणि बाहेर फेकली गेली. कोच गेला की घर कोसळतं, हे मी पोरांना याच उदाहरणावरून समजावून सांगायचो.

पहिला तडा गोव्यामुळे गेला. ३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढलं, तेव्हा संघ गुणतक्त्यात वर होता आणि साखळीचे थोडेच सामने उरले होते. मला ते फार लागलं. आता हा संघ विस्कटणार, अशी माझी खात्री होती. पण क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूने सूत्रं हाती घेतली, गोवा साखळीत पहिला राहिला आणि त्याबद्दल दिली जाणारी लीगची पहिली शिल्ड गोव्यानेच जिंकली. पास तेच होते, जागा तशाच भरल्या जात होत्या. लोबेरांनी शिकवलेलं लोबेरांच्या पाठीमागे चालू होतं.

तरीही मत लगेच बदललं नाही, कारण लोबेरा मुंबईत आले आणि जिंकले. नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक देशांत क्लब चालवणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता. लोबेरांच्या मागोमाग गोव्याहून अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाईही आले. कोरोनामुळे सारे सामने गोव्यातच झाले. मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे गुण सारखेच, ४० झाले. परस्परांतल्या सामन्यांच्या जोरावर शिल्ड मुंबईला मिळाली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल करून २–१ असा विजय मिळवून दिला. एकाच मोसमात शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ. माणूसच संघ घडवतो, असं मी पुन्हा म्हणू लागलो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवा मोसम तोंडावर असताना, लोबेरा गेले. डेस बकिंगहॅम आले. हे इंग्रज प्रशिक्षक, सिटी समूहाच्याच मेलबर्न सिटीत सहायक होते. त्या मोसमात मुंबई पाचवी आली, बाद फेरी हुकली. क्लबने मात्र त्यांना ठेवलं. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला मुंबईने २–१ ने हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पुढच्या मोसमात संघ साखळीतले पहिले अठरा सामने हरलाच नाही. २० सामन्यांत ४६ गुण घेऊन शिल्ड जिंकली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, मोसम ऐन रंगात असताना, बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. काही दिवस अँथनी फर्नांडिस यांनी धुरा वाहिली आणि डिसेंबरमध्ये पेत्र क्रात्की आले. हे चेक प्रशिक्षक, पुन्हा मेलबर्न सिटीतूनच. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा खेळाडूही क्लब सोडून गेला. तिकडे लोबेरा भारतात परतून ओडिशाला शिकवत होते, जाहू आणि फॉल त्यांच्याकडे पोहोचले होते. माझ्या जुन्या हिशेबाने त्या वर्षी मुंबई संपायला हवी होती. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानकडून हरून शिल्ड गेली खरी, पण ४ मे रोजी त्याच मैदानावर, त्याच मोहन बागानला मुंबईने ३–१ ने हरवून करंडक उचलला. आधी गोल खाऊन, मागून येऊन. तीनपैकी एक गोल पुन्हा बिपिनचा.

माझं मत बदललं ते या बिपिन सिंगकडे पाहून. तो कोस्टांच्या काळात आला, लोबेरांच्या हाताखाली अंतिम सामन्याचा निर्णायक गोल केला, बकिंगहॅमबरोबर शिल्ड जिंकला आणि क्रात्कींच्या संघातून पुन्हा अंतिम सामन्यात गोल केला. चार प्रशिक्षकांकडे तो खेळला, पण दर वेळी त्याला नव्याने खेळ शिकावा लागला नाही. खेळ मागून बांधत न्यायचा, बाजूची रुंदी वापरायची, चेंडू गेला की तिथेच दाब आणायचा, ही रीत २०२० पासून क्लबने धरून ठेवली आणि ती ज्याच्या अंगात आहे असाच माणूस निवडला. रीड, अनेल्का, गिमारेस, कोस्टा हे कमी जाणते नव्हते. त्यांच्यातला प्रत्येक जण आपली रीत घेऊन आला आणि जाताना घेऊन गेला.

मग मुंबई एफसीची गोष्टही मला वेगळी दिसू लागली. जमील यांच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पण एका माणसाच्या जाण्याने क्लब तळाला जातो, तेव्हा ते त्या माणसाचं मोठेपण असतं आणि त्या क्लबची उणीवही असते. मी आजवर त्यातलं मोठेपण तेवढं पाहत होतो.

नव्या मतालाही मर्यादा आहेत. २०२४ मध्ये अपुइया, राहुल भेके आणि होर्हे पेरेरा दियाझ मुंबई सिटी सोडून गेले. प्रशिक्षक तेच क्रात्की, रीत तीच. तरी २०२४–२५ मध्ये संघ सहावा आला आणि बाद फेरीत बंगळूरूने ५–० ने धुतला. रीत पाळायला माणसं लागतात. शिवाय या क्लबचे २०२४–२५ पर्यंतचे सातही कायम प्रशिक्षक परदेशी, हे मला खटकतं. रीत ठरलेली असेल, तर ती भारतीय सहायकांच्या हाती देऊन त्यांच्यातून पुढचा प्रशिक्षक उभा करणं सोपं व्हायला हवं. गोव्यात मिरांडांनी ते करून दाखवलंच आहे.

आमच्या गावासाठी तर हे मत अधिकच मोलाचं आहे. शिक्षकांच्या बदल्या होतात, त्या आमच्या हातात नाहीत. नवा माणूस येतो, पोरांना पुन्हा मैदानाला चकरा मारायला लावतो आणि मागची दोन वर्षं वाया जातात. म्हणून आता मी वही ठेवतो: कुठल्या वयाला काय शिकवायचं, कोणत्या सरावाने काय साधलं, कोणत्या पोराचा डावा पाय अजून कच्चा आहे. मोठ्या पोरांना लहानांचा सराव घ्यायला लावतो. कोच किती वर्षं टिकला, हे मी आता कुणाला विचारत नाही. तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सराव कसा झाला, ते विचारतो. आणि माझंही मोजमाप त्यावरूनच व्हावं, असं मला वाटतं.