नानांचा कॉम्प्युटर आणि शंभर एमबीची खोली

"फॉरमॅट मारावा लागेल." हे वाक्य कधीच ऐकलं नाही असं कॉम्प्युटरवालं घर महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. व्हायरस आला? फॉरमॅट. स्लो झालाय? फॉरमॅट. अपडेट होत नाही? मग तर फॉरमॅटच! माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा हा इलाज नसून कंटाळा असतो. रोग कळला नाही की रोगीच बदलून टाकायचा.

तर मंडळी, गेल्या दिवाळीत सावद्याला गेलो होतो. नाना, म्हणजे माझे सख्खे चुलते, तिथेच असतात. केळीची शेती, आणि घरी एक २०१२ सालचा असेंबल केलेला कॉम्प्युटर. तो विंडोज सेव्हनवर घरात आला, २०१६ मध्ये फुकट मिळत होतं तेव्हा टेनवर गेला आणि पुढे १९०९ नावाच्या आवृत्तीवर येऊन जो रुतला तो रुतलाच. त्या आवृत्तीला अपडेट मिळणं मे २०२१ मध्येच बंद झालं होतं. मशीन मात्र बिचारं प्रयत्न सोडत नव्हतं. अधूनमधून नवी आवृत्ती उतरवायला घ्यायचं, कित्येक जीबी नेट खायचं, रात्रभर टक्के मोजत बसायचं आणि सकाळी सगळे बदल उलटे फिरवून पुन्हा जागच्या जागी. नाना नेट चालवणार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. म्हणजे दिवसाचा डेटा सकाळी दहालाच खल्लास.

गावातल्या एकाने बघून निदान केलं होतंच. कोणतं ते वर आलं आहे :)

नानांना फॉरमॅट का नको होता, ते त्यांचे फोल्डर उघडल्यावर कळलं. तेरा वर्षांच्या कापणीचे हिशेब, मजुरांची उचल, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती बाकी. आणि 'माय' नावाचा एक फोल्डर. माझी आजी २०१५ मध्ये गेली. त्याआधी दोन उन्हाळे नानांनी तिच्याजवळ बसून तिच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून घेतल्या होत्या. सगळ्या श्रीलिपीत. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टांची गंमत जुन्या लोकांना माहीत असेलच. फाइल जिवंत असते, पण फॉन्ट नसला की ओवीच्या जागी रोमन अक्षरं आणि टिंबंटोपरं दिसतात. आता हा फोल्डर 'डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवू' म्हणणाऱ्याच्या हाती कोण देईल?

घाई असण्याचं कारणही होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला. अकरा ह्या मशीनवर चढणार नाही. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा. नानांचा तिसऱ्या पिढीतला. घरगुती टेनवाल्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची एक सोय आहे, पण ती फक्त २२एच२ ह्या शेवटच्या आवृत्तीवर. थोडक्यात, अपडेट होत नाही म्हणून अपडेटची मुदतवाढ नाही. नाना त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करतात. त्यामुळे 'चालतंय तोवर चालू दे' म्हणणं मला पटेना.

आधी सगळा डेटा आणि श्रीलिपीचे फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर घेतले. दुसऱ्या लॅपटॉपवर त्या ओव्या उघडून पाहिल्या. बॅकअप उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप नव्हे, हे माझं ऑफिसातलं पालुपद. मग नेहमीची पूजाअर्चा: डीआयएसएम, एसएफसी, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदलणं. इंटरनेटवर नव्वद टक्के सल्ले इथेच संपतात. उतरवलेल्या फाइली खराब असतील तर ह्याने काम होतंही. इथे काही झालं नाही.

खरी गोष्ट लॉगमध्ये असते. सेटअप फसला की सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरात, पँथर नावाच्या उपफोल्डरात, सगळी डायरी लिहून ठेवतो. कोणी वाचत नाही. हजारो ओळी असतात, पण शेवटून वाचायला लागलं की दहा मिनिटांत काय ते कळतं. एरर होता ०एक्ससी१९००१०४. म्हणजे 'सिस्टिम रिझर्व्हड' पार्टिशनमध्ये जागा नाही.

हे काय प्रकरण? सी ड्राइव्हवर तर साठ जीबी मोकळे होते. पण कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या फाइली सीमध्ये नसतात. त्यांच्यासाठी एक वेगळी लपलेली खोली असते. विंडोज सेव्हन ती खोली १०० एमबीची बांधायचं. पुढे टेनने ती ५०० एमबीपर्यंत नेली. सेव्हनवरून टेनवर चढलेल्या मशीनला वरचे मजले नवे मिळाले, देवडी जुनीच राहिली. त्यात कुठल्याशा अँटिव्हायरसने आपलं सामान तिथे टाकलेलं. नव्या आवृत्तीला तिथे साधारण १५ एमबी मोकळे लागतात. पंधरा एमबी! मोबाइलवर आलेला एखादा सत्काराचा व्हिडिओ ह्याहून मोठा असतो.

हा एकट्या नानांच्या मशीनचा रोग नव्हे. ९ जानेवारी २०२४ ला आलेला केबी५०३४४४१ हा अपडेट जगभर असाच अडकला होता. तिथे रिकव्हरीच्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवे होते, आणि स्क्रीनवर मात्र ०एक्स८००७०६४३ असा भलताच मोघम आकडा. पुढे मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं की ह्यावर आपोआप होणारा उपाय येणार नाही, पार्टिशन हाताने वाढवा. आता सांगा, पार्टिशन हाताने वाढवणारे घरात किती असतात?

असो. जागा करायचा एक मान्य मार्ग आहे. त्या पार्टिशनच्या बूट फोल्डरात फॉन्ट असतात. मशीन सुरू होताना चिनी, जपानी, कोरियन अक्षरं दाखवता यावीत म्हणून. सावद्यात त्यांचं काय काम! मी पार्टिशनला वाय हे अक्षर दिलं आणि सहज बोलून गेलो, "नाना, आता ह्यातले फॉन्ट पुसतो."

नाना खुर्चीतून उठलेच. "अरे भो, फॉन्ट नको पुसू! मायच्या ओव्या त्याच्यातच आहेत ना!"

मग हे फॉन्ट वेगळे, श्रीलिपी वेगळी, हे समजावण्यात चहाचे दोन कप गेले. शेवटी बाहेरच्या डिस्कवरची ओवी लॅपटॉपवर उघडून दाखवली, तेव्हा म्हणाले, "बरं, कर मग." फॉन्ट पुसले, चेकडिस्कने त्या पार्टिशनचा फुगलेला लॉग पाच एमबीवर आणला, अँटिव्हायरसचं सामान बाहेर काढलं. तीसच्या आसपास एमबी मोकळे झाले.

नेट जाळण्यापेक्षा मी २२एच२ ची आयएसओ पेनड्राइव्हवर नेली होती. ह्यात एक बारीक खोच आहे. नानांचं विंडोज 'इंग्लिश इंटरनॅशनल' होतं. तुम्ही साधं अमेरिकन इंग्लिश नेलं तर 'फाइली आणि प्रोग्राम ठेवा' हा पर्यायच मिळत नाही. आधी सेटिंगमध्ये भाषा बघून घ्या.

इन्व्हर्टर भरलेला आहे ना हे बघितलं आणि रात्री नऊला सुरू केलं. काकूंनी शेवभाजी केली होती. मशीन तीनदा रीस्टार्ट झालं, ७५ टक्क्यांवर पाऊण तास ठिय्या मारून बसलं (अशा वेळी बटण दाबायचं नाही म्हणजे नाही), आणि साडेअकराला लॉगिनचा पडदा. हुश्श!

मुदतवाढीच्या नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, ते नानांना उघडून दिलं. सेटिंग त्या खात्याशी जोडू दिली की पैसे पडत नाहीत. सकाळी पहिला सुरक्षा अपडेट मुकाट्याने बसला.

आता उरला 'माय' फोल्डर. कन्व्हर्टरने श्रीलिपीचं युनिकोड होतं, पण जोडाक्षरं आणि रफार मधेच सांडतात, आणि आजीचे लेवा बोलीतले शब्द कुठल्याच स्पेलचेकरला माहीत नाहीत. त्यामुळे मी दर शनिवारी पाच ओव्या बदलून पाठवतो आणि नाना त्या फोनवर मोठ्याने वाचून दुरुस्त करतात. आतापर्यंत चाळीस झाल्या. काल एका शब्दावर अडलो. नाना म्हणाले काकूला विचारतो, काकू म्हणाल्या शेजारच्या म्हातारीला विचारावं लागेल.