'गिट हिशोब' म्हटल्यावर नक्की काय होतं?

'ही गिटची कमांड नाही.' गिट वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पडद्यावर वाचलंय. माझा या वाक्यावर जुना राग आहे. गिटला फक्त एवढंच ठाऊक असतं की आपण शोधलं आणि सापडलं नाही. सांगताना मात्र ते असं सांगतं, जणू अशी गोष्ट जगात नाहीच.

लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतलं, तेव्हा ते एकसंध सॉफ्टवेअर नव्हतंच. लहान लहान प्रोग्रॅमांचं गाठोडं होतं ते. लवकरच प्रत्येकाचं नाव झालं 'गिट', मग आडवी रेघ, मग काम: गिट-लॉग, गिट-कमिट. लोक रेघेसकट टाइप करायचे. 2008 च्या 1.6.0 आवृत्तीत या रेघवाल्या फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या. आज बहुतेक कामं एकाच मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात आहेत. जुनी रीत मात्र टिकून आहे. तुम्ही 'गिट अमुक' म्हणालात की गिट आधी स्वतःच्या पोटात बघतं. तिथे नसेल तर 'गिट-अमुक' नावाची फाइल शोधतं, आधी आपल्या फोल्डरमध्ये आणि मग पाथमध्ये लिहिलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये, डावीकडून उजवीकडे. तिथेही नसेल तर तुम्ही ठेवलेली टोपणनावं बघतं. मगच ते वाक्य.

म्हणजे नाव बरोबर, जागा बरोबर आणि फाइलला चालवण्याची परवानगी, एवढं असलं की तुमची फाइल गिटची कमांड झाली. कुठे नोंदणी नाही, कुणाची सही नाही, भाषेची अट नाही. शेल, पायथन, काहीही चालतं. रस्टचं कार्गोही असंच आहे, कुबरनेटिसचं कुबसीटीएलही. मला ही मोकळीक फार आवडते.

माझी भाची सोलापूरला एका छोट्या कंपनीत इंटर्न आहे. दिवसभरात कुणी किती बदल केले, ते मोजणारी स्क्रिप्ट तिने लिहिली. फाइलचं नाव 'गिट-हिशोब'. तिने हाताने चालवली की चालायची. सर्व्हरवर रात्री आपोआप चालावी म्हणून क्रॉनमध्ये टाकली, तर सकाळी तेच वाक्य. तिथले एक सीनियर चारचौघांत म्हणाले, "कमांडच नाही म्हणतंय, मग तू बनवलंस काय?" रात्री फोनवर ती म्हणाली, "मामू, मेरे को नै जमनेवाला ये." घरात आम्ही दखनी बोलतो, आणि रडू आलं की हमखास दखनीच येते.

तिच्या स्क्रिप्टमध्ये एका अक्षराचीही चूक नव्हती. आपण लॉगिन करतो तेव्हा शेल आपल्या सेटिंगच्या फायली वाचतो, त्यात तिच्या बिन फोल्डरचा पत्ता होता. क्रॉन त्या फायली वाचत नाही. त्याचा पाथ अगदी आखूड असतो, बहुधा यूएसआर-बिन आणि बिन एवढाच. गिट तिथे सापडलं, गिट-हिशोब सापडलं नाही. उपाय एका ओळीचा: क्रॉनटॅबच्या वर पाथ लिहायचा. त्यात 'डॉलर होम' लिहून भागत नाही, क्रॉन ते उलगडत नाही, म्हणून फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

शेल यापेक्षा बराच प्रामाणिक आहे. तो 'सापडली नाही' म्हणतो आणि 127 हा आकडा परत देतो. फाइल सापडली पण चालवता येत नसेल तर 126. त्या सीनियरांना हा फरक कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

याच मोकळिकीत धोकाही आहे. पाथमध्ये जो आधी सापडेल तो चालतो. काही लोक सोयीसाठी पाथच्या सुरुवातीला टिंब लावतात, म्हणजे 'मी उभा आहे ते फोल्डर'. मग सगळ्यांच्या वापरातल्या फोल्डरमध्ये कुणी 'एलएस' नावाची भलतीच फाइल ठेवली, तर तुम्ही यादी बघायला जाता आणि ती फाइल तुमच्या अधिकाराने चालते.

हे ऐकून भाचीने लगेच विचारलं, "मग माझ्या फाइलचं नाव गिट-लॉग ठेवलं तर?" ठेव की. 'गिट लॉग' म्हटल्यावर गिटचाच लॉग येईल, कारण ते पोटात आधी बघतं. तुझी फाइल चालवायची तर मधली रेघ लावून नाव टाकावं लागेल, 2005 सारखं.