इस्पितळाचा सिनेमा झाला तेव्हा

पणजीला कांपालच्या रस्त्याने गेलात तर मांडवीकडे तोंड करून उभी असलेली एक लांबलचक जुनी इमारत दिसते. लोक तिला अजून 'जुनं जीएमसी' म्हणतात. पोर्तुगीजांनी 1842 साली पणजीत वैद्यकीय शाळा काढली. गोवा मुक्त झाल्यावर 1963 मध्ये तिचंच गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पुढे सगळा कारभार हळूहळू बांबोळीला गेला. 2004 साली चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, गोव्यात आला, तेव्हा या वास्तूची डागडुजी होऊन महोत्सवाचं बस्तान तिथे बसलं. शेजारीच मल्टिप्लेक्सही उभं राहिलं.

आमच्या अक्काला हे बिलकूल पसंत नाही. "थंय माणसां मेली रे, आणि ह्ये सिनेमे दाखवतत!" हे तिचं ठरलेलं वाक्य. तिचं बरोबरच आहे म्हणा. आम्ही सावंतवाडीकडची माणसं, मोठं दुखणं आलं की गोवाच गाठायचा, आजही तेच. 1968 साली तिला अडलेली म्हणून नेलं, तेव्हा मांडवीवर पूल नव्हता. बेतीहून फेरीबोटीने पलीकडे. मूल हाती लागलं नाही.

तरीही मंडळी, मी अक्काच्या बाजूने नाही! कोकणातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, कुलूप लावलेलं घर चार पावसाळ्यांत खचतं. एक कौल सरकतं, पाणी वाशात मुरतं, वाळवी लागते, मग भिंत फुगते. जांभ्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा हवा, तो ओल बाहेर सोडतो. सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते. हे सगळं पाहायला रोज कोणीतरी तिथे वावरलं पाहिजे. सरकारी फाईल काही गळती पाहायला येत नाही. (चाळीस वर्षं शाळेच्या इमारती पाहिल्यात, म्हणून बोलतो.)

2016 पासून डिसेंबरात इथे सेरेंडिपिटी कला महोत्सवही भरतो. एका वर्षी भाच्याने हट्ट धरला, तेव्हा अक्काही आली. जिने चढायचे नाहीत म्हणून आम्ही तळमजल्यावरच फिरलो. मांडलेल्या कलाकृतींतलं निम्मं मला कळलं नाही, हे सांगून टाकतो. अक्का मात्र चित्रांकडे पाहतच नव्हती. खिडक्या मोजत होती. "नदी दिसायची त्या खाटेवरून," एवढंच म्हणाली.

कोणत्या दालनात कोणता वार्ड होता, हे सांगणारी पाटी माझ्या तरी नजरेला पडली नाही. एक हातभर फळी पुरे. 'इथे बाळंतिणींचा वार्ड होता', बस. सिनेमे खुशाल दाखवा.

अक्का एका खिडकीशी बराच वेळ थांबली. तीच ती का, हे मी विचारलं नाही.