दोन हजारांचा कान

महाग वस्तू घेणे सोपे असते आणि अगदी स्वस्त वस्तू घेणे त्याहून सोपे. पहिलीची निवड पैसा करतो, दुसरीची गरज करते. थोडक्या पैशांत चांगली वस्तू घ्यायची म्हटले, की मात्र स्वतःची बुद्धी खर्ची घालावी लागते. केंद्र सरकारच्या कारकुनाचा संसार याच मधल्या जागी मांडलेला असतो, हे बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या वाचकांना मी काय सांगावे!

यंदा मी हेडफोन घ्यायचे ठरविले. त्याला कारण घडले ते एका जुन्या कॅसेटचे. आई गेली त्याला सहा वर्षे झाली. पहाटे स्वयंपाकघरात वावरताना ती भूपाळ्या आणि ओव्या म्हणत असे. त्या कोणी तरी कधी काळी टेप करून ठेवल्या होत्या. बहिणीने त्या संगणकावर उतरवून मिरजेहून माझ्या फोनवर पाठविल्या. पण फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून ऐकू येई तो भांड्यांचा खणखणाट आणि टेपची सरसर. आई त्यांच्या आड कोठे तरी उभी होती. वडिलांना पाठवायची रक्कम, मुलाची फी आणि वाणसामान वजा जाता माझ्या हाती दोन हजार रुपये उरत होते. तेवढ्यात तिला पुढे आणायचे होते.

कलकत्त्यात अशा खरेदीची जागा म्हणजे चांदनी. बिनय-बादल-दिनेश बागेतील कचेऱ्यांतून तेथे पायी जाता येते. तारा, बॅटऱ्या, रेडिओचे सुटे अवयव यांनी भरलेल्या त्या गल्ल्यांतून दुकानदार "दादा" म्हणून असा जिव्हाळ्याने हाक मारतो, की पाय आपोआप थबकतात. पहिल्याच दुकानदाराने खोक्यावरील आकडे माझ्यापुढे धरले: २० ते २०,००० हर्ट्झ. हे आकडे मला वधूच्या स्थळाच्या माहितीतील 'गृहकृत्यदक्ष' या शब्दासारखे वाटतात. ते सर्वांच्याच ठिकाणी लिहिलेले असतात आणि त्यांवरून काहीच कळत नाही. त्या दोन टोकांच्या मध्ये हेडफोन कोणता स्वर फुगवितो आणि कोणता दडपतो, यावर सारे अवलंबून असते, आणि ते खोक्यावर छापीत नाहीत.

त्यापेक्षा ओहमचा आकडा उपयोगाचा. सोळा किंवा बत्तीस ओहमचे यंत्र फोनच्या तुटपुंज्या शक्तीवरही नीट चालते. तीनशे ओहमचे यंत्र फोनला जोडले तर बहुधा पुटपुटत राहते; त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो. म्हणजे एका वस्तूच्या पाठोपाठ दुसरी आली! आमच्या अंदाजपत्रकात अशा पुरवणी मागण्यांना जागा नसते.

"बेस दारुण आहे, दादा!" असे म्हणून दुसऱ्याने एक जोडी माझ्या कानांवर चढविली. ढोल खरोखरच दणाणत होता. परंतु स्त्रीच्या आवाजाचा पाया सुमारे दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या खालचे सारे फुगविले, की गळा त्यात बुडून जातो. उलट वरचे स्वर धारदार केले, की टेपची सरसर तेवढी टोकदार होते. मला हवा होता तो मध्य सप्तक शाबूत ठेवणारा कान. हे ध्यानात आल्यावर निम्मा बाजार आपोआप गळाला.

बिनतारी जोड्यांनाही मी नमस्कार केला. त्यांच्या किमतीत बॅटरी आणि बिनतारी यंत्रणा यांचा वाटा असतो. दोन हजारांतून तो गेला, की ध्वनीच्या वाट्याला थोडेच उरते. शिवाय बॅटरी वर्षागणिक म्हातारी होते. माझ्या जुन्या फोनला पिनेचे भोक अद्याप शाबूत आहे. भोवतालचा गोंगाट पुसून टाकणारी युक्ती मात्र मला मोह घालीत होती. तिचा या शहराशी ऋणानुबंधही आहे. अमर बोस यांचे वडील कलकत्त्याचे क्रांतिकारक; ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यामुळे ते अमेरिकेस गेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने संगीत ऐकू येईना, तेव्हा तिच्याविरुद्ध तशीच उलटी ध्वनिलहर सोडून ती शमवावी, ही कल्पना अमरबाबूंनी मनावर घेतली. ही युक्ती संथ, एकसारख्या घरघरीवर चांगली चालते; बसच्या भोंग्यापुढे आणि शेजाऱ्यांच्या गप्पांपुढे तिचे फारसे चालत नाही. घरी, रात्री ऐकणाऱ्या मला तिचे मोल देण्याचे कारण नव्हते.

पाठीमागून उघडे असलेले हेडफोन अधिक मोकळे वाजतात. पण त्यांतील आवाज बाहेर झिरपतो आणि आमच्या दोन खोल्यांत मुलाचा अभ्यास चाललेला असतो; म्हणून बंद कवचाचे पाहिले. बाहेरचा गोंगाट अडला, की आवाज वाढवावा लागत नाही, हा दुसरा लाभ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे निर्धोक. ९० डेसिबल झाला, की हीच मर्यादा चार तासांवर येते. कान काही पुन्हा चांदनीत मिळत नाहीत.

परीक्षेसाठी मी केसरबाई केरकरांची एक ध्वनिमुद्रिका फोनमध्ये नेली होती. याच कलकत्त्याने १९४८ साली त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली आणि १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. मिरजेच्या माणसाला जवारी ओळखायला शिकवावे लागत नाही. तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या दुकानांवरून शाळेत जाताना ती कानी पडतच असते. म्हणून तंबोऱ्याची एक ध्वनिफीतही सोबत होती. पाच जोड्या ऐकल्या. तिघांत तंबोरा नुसता गुणगुणला, एकीत तो पत्र्यासारखा वाजला. पाचवीत षड्जामागून उठणारे ते बारीक झणत्कार एकेक वेगळे उमलले. किंमत सतराशे पन्नास. रूप अगदी साधे, कचेरीतील टेबलासारखे.

त्या रात्री आईचा आवाज ऐकला. सरसर होतीच, चांगले यंत्र दोष झाकत नाही. पण दोन ओव्यांच्या मधोमध बांगड्या मागे सारल्याचा नाद आला, मग तिने घेतलेला श्वास. फोनच्या कर्ण्यातून तेथे नुसती पोकळी होती. गाणे तर मला पाठच होते. श्वास मात्र कोणाला पाठ करून ठेवता येत नाही.

हेडफोनवर एकच आक्षेप मला खरा वाटतो: तो ऐकणाऱ्याला घरच्यांपासून तोडतो. पत्नी समोर बसून माझा चेहरा पाहत होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पैशांतून मी दोन तोंडांची एक पिन घेऊन आलो. आता हेडफोन मुलाच्या कानांवर असतो आणि जुना इअरफोन पत्नी आणि मी एकेका कानाला वाटून घेतो. मुलाला आजी जेमतेम आठवते. परवा कामे आटोपताना तो तिच्याच चालीवर काही तरी गुणगुणत होता. शब्द अर्धे मराठी होते, अर्धे शाळेतील बंगाली. मी त्याला थांबविले नाही.