आवाजाची पाखडणी

यंत्रांना नांवें देणारे लोक कधीं कधीं नकळत मोठें वचन देऊन बसतात. ‘इक्वलायझर’ म्हणजे सारखें करणारा. दूरध्वनीच्या लांब तारांतून जातांना बोलण्यांतील उंच स्वरांश खालच्या स्वरांशांपेक्षां अधिक क्षीण होत. ती तूट भरून काढून पलीकडच्या कानीं मूळचें प्रमाण पोंचविणें, एवढेंच या यंत्राचें आरंभींचें काम होतें. आज तें संगणकाच्या पडद्यावर एका वांकड्या रेषेच्या रूपानें उभें असतें, आणि सारखें करण्याऐवजीं जो तो त्याच्याकडून सुंदर करवून घेऊं पाहतो.

ही रेषा ज्यांनीं पाहिली नसेल अशा वाचकांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. पडद्यावर डावीकडे खर्ज व उजवीकडे तार असा हा सारा मुलूख मांडलेला असतो. १९७२ सालीं जॉर्ज मॅसेनबर्ग यांनीं ‘पॅरामेट्रिक’ इक्वलायझरवर निबंध सादर केला. त्या पद्धतीच्या यंत्रांत तीन गोष्टी आपल्या हातीं असतात: कोठें हात घालावयाचा, किती चढवावयाचें वा उतरवावयाचें, आणि आजूबाजूचा केवढा पट्टा सोबत घ्यावयाचा.

मास्टरिंग म्हणजे ध्वनिमुद्रणावर फिरणारा शेवटचा हात. तोंपर्यंत गळा, तबला, तंबोरा हे सारे एकजीव झालेले असतात. डग्गा दाबावयास जावें, तों गायकाच्या आवाजाचा भरदारपणाहि दबतो. शिजलेल्या आमटींतून हिंग वेगळा काढतां येत नाहीं, तशांतलाच हा प्रकार.

आमच्या घरीं १९८१ सालची एक कॅसेट आहे. तींत आजी दळतांदळतां ओव्या म्हणत आहे. ती संगणकावर उतरविली, तेव्हां आमचें आणि आमच्या पुतण्याचें चांगलेंच जुंपलें. त्याचें म्हणणें असें कीं, जात्याची घरघर हा निव्वळ गोंगाट. ३०० कंपनांच्या खालचें सारें कापावें आणि ३,००० च्या आसपास उजाळा द्यावा, म्हणजे शब्द न् शब्द कळेल. त्यानें तसें करूनहि दाखविलें. शब्द खरोखरच पुढें आले. त्या भागांत आपला कान विशेष तीक्ष्ण असतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच प्रयोगांनीं दाखविलें आहे. परंतु आजीच्या आवाजाचा पायाहि त्या ३०० च्या खालींच होता. तो गेल्यावर ती दूरध्वनीवरून गात असल्यासारखी पातळ ऐकूं येऊं लागली.

आम्ही एक अट घातली. दोन्ही प्रती सारख्याच मोठ्या करून ऐकावयाच्या. कारण जें मोठें वाजतें तेंच बरें वाटतें, ही कानाची जुनी खोड आहे. मग आत्याबाईंना, कोणती प्रत कोणाची हें न सांगतां, दोन्ही ऐकविल्या. पुतण्याची प्रत ऐकून त्या म्हणाल्या, “आई दळायची कां थांबली रे?”

ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्यांतून निघतो. घरघर काढली कीं मधले विराम अकारण भासतात. मूठभर दाणे घालण्यापुरती ती थांबली आहे, हें कळेनासें होतें. विजेच्या प्रवाहाची गुणगुण मात्र ना आजीची, ना जात्याची. ती ५० कंपनांवर आणि तिच्या दुपटीवर, १०० वर, अगदीं अरुंद पट्ट्यांत उतरविली. फितीची सळसळ वरच्या टोकाला दोन-तीन डेसिबल कमी केली. त्याहून अधिक केली असती तर ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले असते. एवढ्यावर आम्ही हात आवरला.

आजच्या मुलांना ही प्रत ऐकवणार नाहीं, असें पुतण्या अजूनहि म्हणतो, आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. म्हणून त्याचीहि प्रत आम्ही ठेविली आहे. मूळ ध्वनिमुद्रण, जसें उतरलें तसें, तिसरें.

इक्वलायझर असलेलेंच वरखालीं करतो. फितीवर जें उतरलेंच नाहीं तें तो निर्माण करीत नाहीं, आणि आपण जें कापून टाकलें तें पुढच्यांना परतहि देत नाहीं. ज्यांच्या घरीं अशा कॅसेटी असतील त्यांनीं रेषेला हात लावण्यापूर्वीं, कोणता आवाज नको आहे, हें एकदां घरांतल्या वडीलधाऱ्यांनाहि विचारून घ्यावें.